घोड्यावरून उतरल्यानंतरच्या बायजाबाई

जून 1858. ग्वाल्हेरच्या परिसरात दोन मराठी घोडेस्वार स्त्रिया होत्या. एक झाशीच्या राणी लक्ष्मीबाई. त्या कोटा की सराईजवळच्या लढाईत पडल्या. दुसऱ्या बायजाबाई शिंदे, वय 74. राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरात शिरले तेव्हा बायजाबाईंनी शिंद्यांच्या घरातल्या राण्यांना बाहेर काढले आणि सुखरूप नरवरला नेले. पहिलीचे चित्र मराठी मुलाला वाचता येण्याआधी ओळखता येते. दुसरीचे नाव इतिहास घेऊन पदवी मिळवलेल्यांनाही सांगावे लागते.

लक्ष्मीबाईंची थोरवी कमी करण्याचा इथे हेतू नाही. तसा कुणी केला तरी ती कमी होणार नाही. प्रश्न आपल्या सार्वजनिक स्मरणाच्या सवयीचा आहे. घोड्यावर बसलेली स्त्री आपल्याला चौकातल्या पुतळ्यात हवी असते, पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर हवी असते, पण ती तरुण आणि घोड्यावरच संपलेली असली तर. जी घोड्यावरून उतरली, पुढे तीसचाळीस वर्षे जगली, घर, पैसा आणि माणसे सांभाळत म्हातारी झाली, तिचे काय करायचे हे आपल्याला ठरवता आलेले नाही. त्यामुळे खुद्द घोडेस्वारीबद्दलही आपला गैरसमज झाला आहे. ती आपल्याला एका क्षणाचे शौर्य वाटते. ती रोजची, घरकामासारखी, आयुष्यभर चालणारी विद्या आहे, आणि बायजाबाईंचे आयुष्य तसेच वाचले तर उलगडते.

त्यांचा जन्म 1784 चा, कोल्हापूरजवळच्या कागलचा. वडील सखाराम घाटगे, म्हणजे पुढे पुण्यात ज्यांच्या नावाने लोक कापत ते सर्जेराव. 1798 साली पुण्यात चौदाव्या वर्षी दौलतराव शिंद्यांशी लग्न झाले. इथे एक तपशील नीट ध्यानात घ्यावा लागतो. शिंद्यांचा मुक्काम ग्वाल्हेरला स्थिरावला तो 1810 च्या सुमारास, आणि त्या वस्तीचे नावही लष्कर असेच पडले. म्हणजे लग्नानंतरची जवळजवळ बारा वर्षे या बाईंचा संसार छावणीत झाला. उंबरठा नाही, परस नाही. तंबूच्या मेखा आणि घोड्यांच्या मेखा एकाच जमिनीत ठोकलेल्या. 23 सप्टेंबर 1803 च्या असईच्या लढाईत त्या स्वतः होत्या असे सांगितले जाते. तलवार आणि भाल्याचे शिक्षण त्यांना होते आणि त्यांची घोड्यावरची मांड नावाजलेली होती, यावर तर एकमत आहे.

छावणीतले घर चालवायचे म्हणजे पागा, घोड्यांचा तबेला, चालवायची. आज हे काम कुणी पाहिलेले नसते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगायला हवे. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सात किलोच्या आसपास कोरडी वैरण लागते, म्हणजे वजनाच्या साधारण दोन टक्के. काम जास्त असेल तर त्यावर दीडदोन किलो चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक. पाणी 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घोड्याचे पोट अंगाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी येत नाही, म्हणून चंदी एकदम घालायची नाही. दोनतीन वेळा विभागून, तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून. तापून आलेल्या घोड्यापुढे लगेच तोबरा बांधला की पोटशूळ उठतो आणि सकाळपर्यंत घोडा गमावण्याची वेळ येते. आधी त्याला हातात धरून चालवायचे, श्वास खाली बसू द्यायचा, घाम वाळू द्यायचा, थोडेथोडे पाणी, मग वैरण, आणि चंदी सर्वांत शेवटी. नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर कापून पुन्हा बसवावे लागतात. उशीर झाला तर खूर पुढे वाढतो, पायाचा कोन बिघडतो आणि घोडा लंगडतो.

आता अशी शेकडो जनावरे मनात आणा. हरभरा कुठून येणार, पुढच्या मुक्कामी पाणी आहे का, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार चंदीतला वाटा घरी नेतो आहे का, हजेरीला दाखवलेला घोडा खरोखर आहे की शेजारच्या पथकातून तेवढ्यापुरता आणून उभा केला आहे? मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी. त्यामुळे कुणाच्या घोड्याचा खर्च कुणी सोसायचा हा हिशेब पगाराइतकाच भांडणाचा असे. ज्या मुलीने चौदाव्या वर्षापासून हे जवळून पाहिले, तिला पुढे दौलतीचा हिशेब परका वाटला नसणार. पागेतला घोटाळा पकडणारी नजर पेढीवर बसली तरी तीच राहते.

उत्तर प्रदेशातल्या फत्तेगडचा प्रसंग सावकाश पाहण्यासारखा आहे. 1835 मध्ये, म्हणजे 1833 च्या उठावात ग्वाल्हेरचे राज्य सुटल्यानंतर, बायजाबाईंची छावणी तिथे पडली होती. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांना भेटायला जात असे आणि तिने त्या भेटींचे तपशील लिहून ठेवले. ती घोड्यावर बसे इंग्रज बायकांच्या रिवाजाप्रमाणे, दोन्ही पाय डाव्या बाजूला टाकून. छावणीतल्या मराठी बायकांना ते पाहून हसू आवरेना. मग तिलाच मराठी वेष नेसवून दोन्हीकडे पाय टाकून बसवले. तो अनुभव तिला इतका आवडला की बायकांची बसण्याची तऱ्हा बदलल्याबद्दल तिने आपल्याच एलिझाबेथ राणीला दोष दिला.

हा गमतीचा किस्सा म्हणून सोडून देण्यात चूक आहे, कारण मराठी बायकांचे हसणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. एका बाजूला बसण्याच्या खोगिरात उजवा गुडघा वरच्या खुंटीला अडकवायचा आणि डावा पाय एकाच रिकिबीत ठेवायचा. डाव्या मांडीवरून येणारी दुसरी, खाली वाकलेली खुंटी त्याच सुमाराला, 1830 च्या आसपास, नुकती निघत होती. तिच्याशिवाय उडी मारताना स्वाराला धरायला काहीच नसे. घोड्याला वळवायला दोन्ही पायांचा दाब लागतो. उजवा पाय उजव्या कुशीवर नसेल तर त्याचे काम हातातल्या छडीने करावे लागते. वजन डावीकडे झुकते, खोगीर डावीकडे सरकते. ते सरकू नये म्हणून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, फार आवळावा लागतो, आणि आवळला की घोड्याचा श्वास कोंडतो व पाठ एका अंगाने लागते, म्हणजे सोलवटते. घोडा कोसळलाच तर लांब झगा खुंटीत अडकून बाई त्याच्याखाली किंवा त्याच्यामागे फरफटते. शिवाय चढायला दुसऱ्याचा हात लागतो. इथे नियंत्रणाचे दोर दुसऱ्याच्या हातात जातात, आणि त्या रिवाजाचा खरा परिणाम हाच होता.

मराठी बाईने हा प्रश्न नऊ वारांनी सोडवला होता. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. कासोटा दोन पायांच्या मधून मागे घेऊन कमरेला खोचला की प्रत्येक मांडीभोवती स्वतंत्र आवरण तयार होते. पण ‘नऊवारी नेसून घोड्यावर बसली’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. आजकाल शोभायात्रांसाठी मुली नऊवारी नेसून स्वार होतात तेव्हा काय चुकते ते पाहिले की जुन्या बायकांना काय ठाऊक होते ते कळते. निऱ्यांचा जाड गठ्ठा पोटाशी खोचला की तो खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकतो आणि स्वार मागे ढकलली जाते. वजन घोड्याच्या कंबरेवर जाते. म्हणून निऱ्या बारीक, चपट्या आणि दोन्ही बाजूंना पसरून हव्यात. गुडघ्याच्या आतल्या बाजूला सैल चुणी राहिली तर तासाभरात कातडी सोलपटते. तिथे कापड खाली ओढून घट्ट बसवावे लागते. रेशीम कातड्याच्या खोगिरावर घसरते, सुती कापड धरून ठेवते. पदर उडता ठेवायचा नाही. तो काखेखालून घेऊन कमरेला बांधायचा, नाहीतर फांदीला अडकतो किंवा फडफडून शेजारचा घोडा बुजवतो. कॅमेऱ्यासाठी पदर मुद्दाम मोकळा सोडतात तेव्हा स्वारीची माहिती असलेल्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो.

हीच गोष्ट पाठीशी बांधलेल्या बाळाची. ते चित्र आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यातली कसब दिसत नाही. मूल पाठीवर बांधले की स्वाराचा तोल मागे जातो आणि भरधाव पळताना मुलाची मान दर पावलाला हिसकते. शेला दोन्ही खांद्यांवरून तिरपा घेऊन छातीवर फुलीसारखा बांधला, मुलाचा भार कमरेपेक्षा वर आणि पाठीला घट्ट चिकटून राहिला, आणि बाई स्वतः कमरेतून किंचित पुढे झुकली, तरच ते साधते. त्यासाठी आधी वर्षानुवर्षे स्वारी झालेली असावी लागते, ऐन वेळी सुचलेल्या धाडसाने ते होत नाही. पुतळ्यात धाडस दिसते, ही वर्षे दिसत नाहीत.

21 मार्च 1827 रोजी दौलतराव वारले. गादीला मुलगा नव्हता. बायजाबाईंनी शिंदे घराण्यातला अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजी ठेवले आणि कारभार स्वतःकडे घेतला. 1833 पर्यंत त्यांनी तो चालवला. उज्जैन आणि बनारसच्या पेढ्यांमधून त्यांचा पैसा खेळत असे. कंपनी सरकारलाही त्यांच्या पैशाची दखल घ्यावी लागली. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवरची खांबांची ओसरी त्यांनी 1828 साली बांधली, आणि शिंदे घाटही त्यांचाच, 1830 च्या सुमाराचा. या घाटाचे दगडी काम इतके जड झाले की त्याचा काही भाग गंगेच्या काठात खचला. उज्जैनचे गोपाळ मंदिरही त्यांच्याच नावावर आहे.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या जुन्या कोड्याचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. मराठी घरातल्या बाईला तव्यावरची भाकरी आणि मेखेला बांधलेला घोडा एकाच वाक्यात का सुचतात, याचा विचार फारसा होत नाही. बायजाबाईंच्या बाबतीत त्या कोड्यात चौथा शब्द घालावा लागेल, पैसा. उभा राहिलेला घोडा दोन दिवसांत पाय सुजवून घेतो आणि तिसऱ्या दिवशी स्वाराला फेकून देतो. पुरून ठेवलेला पैसाही असाच निकामी होतो, आणि त्या काळच्या कित्येक संस्थानिकांनी तो तसाच पुरून ठेवला. यांनी फिरवला. राज्य हातचे गेल्यावर आग्रा, फत्तेगड, पुढे नाशिक अशी भटकंती झाली, तरी त्यांच्या भोवतीची माणसे विखुरली नाहीत, याचे कारण हे फिरवणेच असावे असे आम्हाला वाटते.

त्यांच्याविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते बोललेच पाहिजे. दत्तक मुलगा मोठा होत असताना त्यांनी त्याच्या हाती कारभार दिला नाही. 1833 चा उठाव त्यातून झाला. वडिलांनी पुण्यात केलेल्या लुटीशी आणि जुलमाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, जरी त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. आणि 1857–58 मध्ये बंडवाल्यांनी त्यांना आपल्या बाजूला बोलावले तेव्हा त्या गेल्या नाहीत. राष्ट्रीय इतिहास लिहिताना हा शेवटचा मुद्दा त्यांना भोवला. पण ज्यांचे प्रत्येक पाऊल आजच्या कसोटीला उतरते त्यांचेच स्मरण ठेवायचे असा नियम केला तर मराठी इतिहासातले किती पुरुष उरतील? पुरुषांच्या बाबतीत आपण मुत्सद्देगिरी, माघार, तह, कर्ज, दत्तक हे सगळे प्रकरणवार वाचतो. ताराबाईंचेही असेच झाले आहे. 1700 ते 1707 ची रणरागिणी आपल्याला पाठ असते, पण त्या 1761 पर्यंत जगल्या, साताऱ्याच्या गादीच्या राजकारणात म्हातारपणीही सगळ्यांना पुरून उरल्या, हा निम्म्याहून जास्त भाग पुस्तकात दोन ओळींत उरकतो.

खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी भरावासाठी वापरतो. पण खोगिराच्या आत चिंध्या किंवा लोकर सारखी भरली नाही, एखाद्या जागी गाठ राहिली, तर दहा मैलांत घोड्याची पाठ लागते आणि मोहीम तिथेच थांबते. बायकांच्या उत्तरायुष्याला आपण खोगीरभरती समजून वगळले आहे. त्या भरावावरच स्वार बसलेली असते.

मग करायचे काय? पाठ्यपुस्तकात बायजाबाईंवर एक पूर्ण पाठ हवा, आणि त्यात कागल, छावणी, पेढी, घाट, फत्तेगड आणि नरवर ही सगळी ठिकाणे नकाशासह हवीत. ते कठीण नाही. आमचा खरा आग्रह दुसऱ्या गोष्टीचा आहे. एखाद्या शहरात घोडेस्वार स्त्रीचा आणखी एक पुतळा उभारण्याचा ठराव येतो, तेव्हा त्याच पैशातला एक वाटा मुलींसाठी छोटी पागा चालवायला काढावा.

त्याचा हिशेब असा. चार शांत, वयाने आठ ते चौदा वर्षांचे घोडे. शिकाऊ स्वारासाठी एका घोड्याकडून दिवसाला दोन तासांहून जास्त काम घ्यायचे नाही, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. अर्ध्या तासाचा एक पाठ धरला तर घोड्यामागे दिवसाला चार, आठवड्याला 24. चार घोड्यांचे 96. प्रत्येक मुलीला आठवड्याला दोन पाठ दिले तर 48 मुली शिकतात. वर्षाला वैरण साधारण दहा टन, चंदी तीन टनांच्या आत. घोडे शिकवणारा एक जाणता चाबूकस्वार, दोन मोतद्दार, फिरता नालबंद आणि महिन्यातून एकदा येणारा पशुवैद्य. स्वाराचे वजन खोगिरासह घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ द्यायचे नाही. डोक्याला कठीण शिरस्त्राण, आणि एकदा जोरात आपटले की ते बदलायचेच, वरून तडा दिसो वा न दिसो. रिकिबीची लांबी मापायला फूटपट्टी लागत नाही: बोटांची टोके वरच्या कडीवर ठेवून हात सरळ धरला की रिकीब काखेत पोचली पाहिजे.

घोडे कुठले घ्यायचे याचेही उत्तर जवळ आहे. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा, ज्याच्यावर मराठी फौजा फिरल्या, तो संपला असे बरीच वर्षे समजले जात होते. अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. तो टिकला तो पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर भागातल्या धनगरांच्या वाड्यांमध्ये. पुरुष मेंढरांमागे जातात. घोड्यावर ओझे चढवणे, तोल साधून दोर आवळणे, वर कोंबड्या, कोकरे आणि लेकरे बसवणे, पुढच्या मुक्कामी बिऱ्हाड उतरवणे हे काम धनगर बायकांचे. आपल्या काळातली छावणी चालवणारी बाई शोधायची असेल तर ती तिथे आहे, आणि पागेसाठी शिकवणारी माणसे नेमताना तिचा विचार आधी व्हायला हवा. मानधन देऊन, पाहुणी म्हणून नव्हे.

एक जागा मोठ्या वयाच्या बायकांसाठीही राखून ठेवावी. लग्नानंतर स्वारी सुटलेल्या, मग पन्नाशी-साठीत परत येऊ पाहणाऱ्या बायका असतात. त्यांना चढायला दोनतीन पायऱ्यांचा मजबूत ओटा लागतो, म्हणजे गुडघ्यावर ताण येत नाही आणि घोड्याची पाठही एका बाजूला ओढली जात नाही. हाडे ठिसूळ झाली असतील तर आधी वैद्याला विचारावे आणि चाल व संथ दुडकी एवढ्यावर समाधान मानावे. त्यांचा हात मात्र बहुधा हलका असतो. तरुण मुली लगाम ओढतात. अनुभवी बाई बोटे मिटते आणि उघडते, आणि घोडा तेवढ्याने ऐकतो. तरुणींना हे दाखवणारे कुणीतरी शेजारी हवे. बायजाबाईंच्या छावणीत ती सोय घरातच होती.

पहिले दोन आठवडे मुलींना घोड्यावर बसवायचे नाही. खरारा, म्हणजे अंग घासायचे काम, मानेपासून सुरू करून मागे न्यायचे, पोटाखाली हात हलका ठेवायचा, मागच्या पायांजवळ जाताना एक तळवा त्याच्या पुठ्ठ्यावर टेकवून ठेवायचा, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळते. खूर उचलायला खांद्याकडून पायावर हात खाली सरकवत न्यायचा, तळव्यातला खडा टाचेकडून पुढे खरवडून काढायचा. तिसऱ्या आठवड्यात खोगीर. तंग आवळल्यावर पट्ट्याखाली दोन बोटे जातात का ते पाहायचे, घोड्याला दहा पावले चालवायचे आणि पुन्हा पाहायचे, कारण बरेच घोडे तंग बांधताना पोट फुगवतात.